जिप्सीचं पाणी

चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल पुण्याच्या ऑफिसात सांगायला लागलं की लोकांना वाटतं मी फेकतोय. ४६-४७ डिग्री म्हणजे काय ते एसीत बसून कळत नाही, त्यामुळे मी हल्ली वाद घालत नाही. पण "मग तुझ्या बाबांची ती जुनी जिप्सी तापत नाही का रे?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. तापते. फक्त सगळा दोष उन्हाला देऊ नका.

असं बघा. थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी ८०-९० डिग्रीच्या आसपास ठेवतो. बाहेर ४७ असले तरी उष्णता सोडायला चाळीसेक डिग्रीचा फरक उरतोच. शिवाय रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. साधारण ०.९ किलोच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. (म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. उघडलंत तर ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.) म्हणजे डिझाइनमध्ये मार्जिन भरपूर आहे.

ते मार्जिन संपतं कच्च्या रस्त्यावर. ताडोब्याकडच्या जंगलवाटेवर गाडी सेकंड गिअरमध्ये, वीसच्या स्पीडनं चालते. समोरून वारा जवळजवळ नाही, सगळी हवा पंख्यानं ओढायची. जिप्सी किंगचा पंखा थेट फिरत नाही, मधे सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. गाडी म्हातारी झाली की ते तेल हळूहळू झिरपतं आणि पंखा नुसता फिरल्यासारखा करतो. हायवेवर काही कळत नाही, जंगलात काटा चढतो. तपासणं सोपं आहे: गरम इंजिन बंद करून पंखा हातानं ढकला. भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे जाळी. धूळ, कुसळं, किडे, सगळं रेडिएटरच्या पात्यांत बसतं. साफ करायचं ते इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप पाती वाकवून ठेवतो.

आणि पाणी! आमच्याकडचे एक जुने मिस्त्री म्हणतात, "भाऊ, गाडीले बोअरचं पानी नोका पाजू." ते शंभर टक्के बरोबर आहेत. बोअरच्या जड पाण्याचा क्षार घरच्या गिझरमध्ये जमतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो. इथे बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. खरं तर उष्णता वाहून न्यायला साधं पाणी कूलंटपेक्षा सरस. पण किंगचं हेड आणि ब्लॉक दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, आणि त्यांना गंजापासून वाचवणारी रसायनं कूलंटमध्येच असतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर अर्धं, कूलंट अर्धं, दर दोन वर्षांनी बदला. विषय संपला.

बेल्टचं महत्त्व मात्र मला गेल्या मे महिन्यात कळलं. बाबा, मी, आलापल्लीहून भामरागडकडे. दुपारचे दोन. अचानक डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "असू द्या बाबा, बॅटरीवर जाऊ पुढच्या गावापर्यंत." बाबांनी उत्तरच दिलं नाही, गाडी कडेला घेऊन चावी फिरवली. या इंजिनात एकच बेल्ट अल्टरनेटर, वॉटर पंप आणि पंखा तिन्ही फिरवतो. बेल्ट तुटला की आधी दिवा लागतो आणि काटा नंतर चढतो. त्या मधल्या वेळात गाडी दामटली तर हेड वाकतं, गॅस्केट जातं... आणि तिथे नेटवर्क नाही, टोचन करणारं कोणी नाही. आजूबाजूला सागवान, पण मे महिन्यात सागाला पान नसतं, सावली शून्य. बाबांचं वय ६८, बीपीची गोळी चालू. पाण्याची बाटली एक.

सीटखाली नवा बेल्ट आणि पाने होते. पंख्याच्या एकेका पात्यावरून बेल्ट सरकवायचा, अल्टरनेटर ओढून ताण द्यायचा, बोल्ट आवळायचा. हात पोळत होते. चाळीस मिनिटं लागली. बाबांना मी गाडीच्याच सावलीत बसवलं होतं, तरी ते तिथून सूचना देत होते, "अंगठ्यानं दाबून पाह्य, जास्त ताणू नको, पंपाची बेअरिंग जाते."

पुढे भामरागडपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. बाटलीतलं उरलेलं पाणी बाबांनी प्यायलं.