गोळी आणि तसबीह

आम्हा नवरा-बायकोपैकी एकाला चिंतेचा विकार आहे. कोणाला, ते इथे सांगत नाही. गेली सहा वर्षं भेटणारा प्रत्येक जण हेच आधी विचारतो. बाई असेल तर 'बाहेरचं काही असेल', आणि पुरुष असेल तर 'मर्द होऊन घाबरता?' दुखणं एकाचं असलं तरी रात्री दोघांनीही जागून काढल्या. म्हणून 'आम्ही' असंच लिहितो.

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास अडकल्यासारखा, आणि आता आपण मरणार ही खात्री. हार्ट अटॅक समजून आम्ही मध्यरात्री रिक्षानं धावलो. ईसीजी नीट निघाला, साखर आणि थायरॉईडही नीट. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं: गोळी रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला बेचैनी वाढलीही तरी घाबरायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. लगेच आराम देणारी दुसरी एक गोळी थोडेच दिवस दिली, कारण तिची सवय लागते. महिन्याभरानं एकदा सलग झोप लागली. त्या दिवशी घरात शिरखुर्मा केला, ईद नसताना.

ध्यान डॉक्टरांनीच सुचवलं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं, तर धडधड आणखी मोठ्यानं ऐकू येऊ लागली. काही जणांचं असं होतं, हे समुपदेशक बाईंनी समजावलं. मग डोळे उघडे ठेवून, तळपाय जमिनीला टेकवून, पंख्याच्या आवाजाकडे लक्ष देऊन सुरुवात केली. श्वास नंतर आला. आता फज्रनंतर जानमाजवरच पंधरा मिनिटं बसतो. मन मुलांच्या फीकडे जातं, गॅसच्या नंबराकडे जातं. गेलं की ओळखायचं आणि रागावल्याशिवाय परत आणायचं. एवढाच सराव.

दोन्हींची कामं वेगळी आहेत, हे आम्हाला अनुभवानं कळलं. गोळीनं धडधड कमी केली, तेव्हा कुठे बसता आलं. बसण्यानं शिकवलं की ही धडधड मरणाची नाही; ती येते, चढते आणि ओसरते.

पण नातेवाइकांना दोन्ही एकत्र पटेना. खाला म्हणाल्या, "गोल्यां छोड दो, वजीफा पढो." दुसरे एक बुजुर्ग म्हणाले, ध्यान आपलं नाही. आम्ही वाद घातला नाही. मनाला एका जागी आणून बसवण्याला सूफींच्या परंपरेत मुराकबा म्हणतात, एवढंच आठवण करून दिलं. आणि दहाव्या शतकातले अबू झैद अल-बल्खी? इसवी सन ९३४ मध्ये ते वारले. शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर त्यांनी एकाच ग्रंथात लिहिलं. भीती, उदासी, पुन्हापुन्हा येणारे विचार यांची त्यांनी वेगवेगळी मांडणी केली. घरात औषध भरून ठेवतो तसे चांगले विचारही आधीच तयार ठेवावेत, असा त्यांचा सल्ला. शरीराला दवा आणि मनाला सराव, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच सांगून झालंय.

शिकलेल्यांचं वेगळंच. भाच्यानं एका अमेरिकन अभ्यासाची बातमी आणली आणि म्हणाला, बघा, गोळीची गरजच नाही. बातमी खरी होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चिंतेचा विकार असलेले २७६ जण होते. निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी, निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग. दोन्हींकडे चिंता जवळपास सारखीच कमी झाली. पण त्या वर्गात दर आठवड्याला अडीच तास शिकवणी होती आणि घरी रोज पाऊण तास सराव. शिवाय गोळी चालू असलेल्यांनी ती सोडून द्यावी, असं त्यात कुठेच नव्हतं. अशी गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, पुन्हा घाबरणं सुरू होऊ शकतं. भाच्याला एवढं सांगितलं. तो समजूतदार, ऐकून घेतलं.

रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ इफ्तारनंतर केली. रोजे झाले, तरावीह झाली, गोळीही चुकली नाही. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतोच ना?

खरी परीक्षा मुलीच्या सोयरिकीच्या वेळी झाली. पाहुणे येणार म्हणून शेजारणीनं काळजीनं सुचवलं, गोळ्यांची पाकिटं आत ठेवा. आम्ही दोघांनी रात्री बसून ठरवलं, ठेवायची नाहीत. बोलणी निघाली तेव्हा सांगून टाकलं. पाहुणे चहा पिऊन गेले आणि पुन्हा फोन आला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. चार दिवस घर गप्प होतं. मग मुलगीच म्हणाली, "बरं झालं अब्बा. नाहीतर मला तिथे जन्मभर लपवावं लागलं असतं."

ज्या घरांत अशी पाकिटं उशीखाली असतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं. एकट्यानं सोसू नका. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांनी यंदा मात्रा निम्मी केली आहे, हळूहळू, महिने घेऊन. पुढे बंद होईल की नाही ते तेच ठरवतील. तोवर फडताळात तसबीह आणि गोळ्यांचं पाकीट शेजारी शेजारी राहतं. दोघांचं आपसात काही भांडण नाही.