आप्पांची हजेरी

रात्रीचे नऊ वाजून गेले होते. शाळेच्या वह्या तपासून मी आतल्या खोलीतून बाहेर आलो, तो बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू आणि त्याच्यापुढे चिटपाखरूही नाही! सौ. स्वयंपाकघरात होती, चिरंजीव मोबाइल घेऊन गच्चीत बसले होते, आप्पा परसदारी हातपाय धूत होते. आणि इकडे पडद्यावर झगमगीत कपडे घातलेली पाचसहा माणसे कुठल्याशा भांड्यांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. रिकाम्या वर्गातला पंखा बंद करावा त्या सवयीने मी बटण दाबले.

"कुणी बंद केला रं त्यो?" परसातून आवाज आला.

"मी केला, आप्पा. कोणी बघत नव्हतं."

टॉवेलाला हात पुसत आप्पा आत आले. त्यांचा चेहरा मी कोणाच्या तरी ताटातली भाकरी उचलून घेतल्यासारखा झाला होता. "असू दे की चालू. आपलं एक घर कमी झालं न्हाई का तिकडं!"

"तिकडं" म्हणजे कुठे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

पण आधी थोडे मागचे सांगायला हवे. ज्या माणसाने उभे आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगच्या खात्यात काढले, टीव्ही म्हणजे बायकांचे खूळ असे ज्याचे ठाम मत होते, आणि नवाच्या ठोक्याला जो न चुकता मारुतीच्या कट्ट्यावर जाऊन बसत असे, तो माणूस 'बिग बॉस मराठी'च्या नादाला लागावा याचे मला स्वतःलाच नवल वाटते. आई गेल्यानंतर त्यांचे कट्ट्यावर जाणे हळूहळू कमी झाले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे 28 जुलै 2024 रोजी, एका रविवारी, या खेळाचे पाचवे पर्व सुरू झाले. पंचगंगा त्या दिवसांत धोक्याची पातळी ओलांडून वाहत होती. सबंध कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरच्या फूट-इंचांकडे डोळे लावून बसले होते. आप्पाही पाण्याच्या बातमीसाठीच टीव्हीसमोर बसले होते. कळ फिरवता फिरवता पडद्यावर इचलकरंजीचा धनंजय पोवार आला, आणि आपण घरात बोलतो तसेच बोलू लागला. आप्पांचा हात तिथेच थांबला.

"हे आपल्याकडचंच पोरगं दिसतंय," ते म्हणाले. झाले! पाणी उतरले, रस्ते मोकळे झाले, पण आप्पा काही त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

नऊचा तो ठोका आमच्या घरात किती शिरला म्हणून सांगू! भाकऱ्या साडेआठच्या आत झाल्या पाहिजेत. पाव्हणा आला तर त्याने नवाच्या आत उठावे किंवा मुकाट्याने बसावे. माझ्याकडे कोणी पालक तक्रार घेऊन आलाच, तर ती अंगणात ऐकून घ्यावी. शनिवारी-रविवारी रितेश देशमुख येऊन आठवड्याचा हिशेब घेत, तेव्हा तर आप्पा न्यायनिवाड्याला बसलेल्या पाटलासारखे मांडी ठोकून बसत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यांनी बोटांवर मोजून 4 नोव्हेंबरच्या सोमवारभोवती पेन्सिलीने एक गोल काढून ठेवला होता. यापूर्वीची पर्वे शंभर दिवसांच्या आसपास चालली होती. तेव्हा हेही तसेच चालणार, आणि शेवट भाऊबीजेला लागून येणार. भाऊबीजेला अक्का पुण्याहून येते. म्हणजे शेवटचा खेळ अक्काबरोबर बसून बघता येईल, असा तो सगळा बेत होता.

अक्काचे आणि टीव्हीचे आमच्या घरात एक जुने नाते आहे. 2008-09 साली झी मराठीवर 'सा रे ग म प'चे लिटल चॅम्प्स गात होते. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. या पाच पोरांनी महाराष्ट्रातल्या आयांना अक्षरशः वेड लावले होते. आमच्या आईचा जीव त्या सगळ्यांत धाकट्या मुग्धावर होता. पण ते दिवस भारनियमनाचे! आमचे उचगाव कोल्हापूरला अगदी खेटून. हद्दवाढीच्या यादीत दर वेळी त्याचे नाव येत आले आहे, आणि दर वेळी गावाने नको म्हटले आहे. त्यामुळे शहराचे दिवे समोर लखलखताहेत आणि आम्ही कंदिलात, अशी आमची गत होई. फेब्रुवारी 2009 मध्ये अंतिम फेरी झाली त्या रात्री ऐन रंगात वीज गेली. आईने कंदील लावला, मोबाइल उचलला आणि अक्काला फोन लावला. पुण्यात तेव्हा भारनियमन नव्हते. अक्काने आपला फोन टीव्हीच्या अंगाशी धरला आणि आई इकडे अंधारात खांबाला टेकून, कानाशी फोन धरून, गाणी ऐकत राहिली. कार्तिकी जिंकली तेही तिने तसेच ऐकले. आजकाल कार्यक्रम कुठेही, केव्हाही बघता येतो म्हणून माझा मुलगा मोठ्या ऐटीने सांगतो. त्याला मी म्हणतो, बाबा रे, तुझ्या आजीने हा शोध तुझ्या आधी लावला आहे. फक्त तिला त्याचे बिल जास्त आले.

तर "तिकडं" म्हणजे काय, ते आता ऐका. आप्पांची अशी समजूत होती की, आपण टीव्ही लावला की मुंबईला कोठेतरी एक आकडा वाढतो आणि बंद केला की तो कमी होतो. विजेचा मीटर फिरतो तसा. तेव्हा आपण जेवत असू, हात धूत असू, डोळा लागला असेल, तरी टीव्ही चालू ठेवायचा. म्हणजे इचलकरंजीच्या त्या पोराच्या पारड्यात आपले एक घर पडत राहते. गेले महिनाभर ते ही चाकरी इमानाने करीत होते.

मी मास्तर. कोणाची चुकीची समजूत दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी आप्पांना समोर बसवले आणि सगळे समजावून दिले. पूर्वी ही मोजणी टॅम नावाची कंपनी करीत असे आणि तिची यंत्रे शहरांतल्या घरांत असत. आई गाणी ऐकत होती तेव्हा तर खेड्यातली घरे या हिशेबात नव्हतीच म्हणा ना. 2015 साली बार्क नावाची संस्था ही मोजणी करू लागली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून खेड्यांचेही आकडे येऊ लागले. वाहिनी आपल्या आवाजातच कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळून पाठवते; निवडलेल्या घरातले यंत्र ती खूण ओळखते; आणि घरातल्या प्रत्येक माणसाने, मी बसलो, मी उठलो, म्हणून आपापले बटण दाबायचे असते. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि पुढच्या गुरुवारी आकडे बाहेर पडतात. त्या आकड्यांवर जाहिरातीचा भाव ठरतो आणि भावावर कार्यक्रमाची वेळ आणि आयुष्य ठरते. पण ही यंत्रे देशात आहेत पंचावन्न हजारांच्या घरात, आणि टीव्ही असलेली घरे, बार्कच्याच 2020 च्या अंदाजाप्रमाणे, एकवीस कोटी. म्हणजे एका यंत्रामागे जवळजवळ 3,800 घरे.

"आणि आपल्या घरात ते यंत्र न्हाई," आप्पा म्हणाले.

"नाही. शितावरून भाताची परीक्षा, आप्पा. सगळा भात कोण चाखत बसतो?"

"एका पातेल्यातला भात असंल तर खरं हाय," ते म्हणाले. "हितं पातेली एकवीस कोटी. आमच्या पातेल्यात कुणी पळीसुदिक घातली न्हाई, आन् भात कच्चा का पक्का ते ठरवून मोकळं!"

विषय हलका करावा म्हणून मी त्यांना 2020 सालची हकिगत सांगितली. यंत्रे बसवलेल्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या दिवसभर चालू ठेवायला लावल्या, असा आरोप मुंबई पोलिसांनी तेव्हा केला होता. त्यावरून बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे कित्येक महिने बंद राहिले. तो खटला सरकारने पुढे मागे घेतला. आप्पा हसले. "म्हंजे त्यास्नी पैसं, आन् मी फुकट!" पण हसू फार वेळ टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी नवाला त्यांनी टीव्ही लावला, पाहिला, आणि कार्यक्रम संपताच बंद केला. मध्येच जेवायला उठले तेव्हाही बंद केला. पूर्वी ते पडद्यावरच्या माणसांना मोठमोठ्याने सल्ले देत, तेही थांबले. विजेची बचत झाली खरी. मला मात्र एक जुनी गोष्ट राहून राहून आठवू लागली. ऊसतोडीच्या हंगामात एके वर्षी बीडकडच्या एका टोळीतला मुलगा आमच्या वर्गात येऊन बसत असे. त्याचे नाव पटावर नव्हते. म्हणून मी ते घेत नसे. सगळी हजेरी संपली, मी वही मिटली, की मागच्या कोपऱ्यातून तो आपणहून म्हणायचा, "हजर." पोरे हसत. दोनतीन दिवसांनी मी त्याला समजावून सांगितले की, तुझे नाव इथे नाही, तेव्हा तू म्हटले नाहीस तरी चालेल. त्या दिवसापासून तो म्हणायचा थांबला. यायचाही थांबला, पण ते टोळी पुढच्या गावी गेली म्हणून, असे मी त्या वेळी धरून चाललो होतो.

आप्पांना मी जे सांगितले त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. तरी पण चार दिवस मला घरात अपराध्यासारखे वाटत होते.

यातून वाट काढली ती चिरंजीवांनी. "आज्जा," त्याने सांगितले, "टीव्हीवर मोजत नसतील, पण मोबाइलवर मोजत्यात. एकेक माणूस मोजत्यात. कुठल्या मिनिटाला बंद केला ते सुदिक त्यास्नी कळतंय." ते खरेच आहे. ज्या ॲपवर तो हा कार्यक्रम बघत असे त्याचे नाव तेव्हा जिओसिनेमा होते. फेब्रुवारी 2025 मध्ये ते हॉटस्टारशी एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले. तिथे शिताचा प्रश्नच नाही, सगळा भात मोजलेला. शिवाय मतही तिथूनच देता येई.

त्या दिवसापासून आमच्या घरी नवाला एक नवाच सोहळा सुरू झाला. टीव्ही आप्पांसाठी, आणि मोबाइल "तिकडं"साठी! नातवाचा मोबाइल आवाज बंद करून ते देवळीत उभा करून ठेवीत आणि स्वतः टीव्हीसमोर बसत. मोबाइल दहा-पंधरा सेकंद मागे चाले. त्यामुळे टीव्हीवरचे भांडण मिटले की देवळीत ते सुरू होई. नातवाचे दिवसाचे इंटरनेट संपून जाई आणि तो कुरकुरे. मग त्याला आज्जाकडून गुपचूप पन्नासाची नोट मिळे. सौ. म्हणे, "मामा, देवळीत दिवा लावायचा असतो." ते म्हणत, "लावलाय की."

मत देण्याचा प्रसंग तर बघण्यासारखा असे. तापलेली वाळू आणि लोखंड हाताळून आप्पांच्या बोटांची टोके गुळगुळीत झाली आहेत. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला त्यांचा अंगठा चारचारदा दाखवावा लागतो. मोबाइलच्या काचेलाही त्यांचे बोट पटकन कळेना. पण नातवाने "मी दाबतो" म्हटलेले त्यांना चालत नसे. तळहातावर बोट पुसून, ओठ आवळून, ते पुन्हा टेकवीत. आणि मत पोचल्याची अक्षरे उमटली की ती मला वाचून दाखवायला लावीत. मी ती मोठ्याने वाचत असे. वर्गात वाचतो तशी.

सप्टेंबरात बातमी आली की हे पर्व सत्तर दिवसांतच संपणार. 6 ऑक्टोबरला अंतिम सोहळा. आणि त्याच संध्याकाळी त्याच घराण्याच्या हिंदी वाहिनीवर सलमान खानच्या हिंदी 'बिग बॉस'चे अठरावे पर्व सुरू. आप्पांनी बातमी दोनदा वाचायला लावली. "लोक बघत असताना कोण बंद करतंय?" एवढेच म्हणाले. मी या वेळी काही समजावून सांगितले नाही.

नवरात्रातला तो रविवार. आम्ही चौघेही बसलो होतो. देवळीत मोबाइल होताच. धनंजय पोवार शेवटच्या सहांत पोचला, पण जिंकला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. आईबापांवाचून वाढलेला, मोबाइलवरच्या चिमुकल्या चित्रफितींतून लोकांना ठाऊक झालेला. दुसरा आला अभिजीत सावंत; 2005 साली लोकांनी एसएमएस पाठवून 'इंडियन आयडल' केलेला तोच. आप्पा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हेबी बरंच झालं. खेड्यातलंच हाय." आणि उठून स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला.

भाऊबीजेला अक्का आली. ओवाळणी झाली, जेवणे झाली. नवाच्या सुमाराला आप्पा सवयीने बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसले, पण टीव्ही लावला नाही. अक्का शेजारी खाली बसली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या रातीला फोन किती वेळ धरलावतास गं टीव्हीला?"

"कुठल्या? ते होय! दोन तास तरी. हात भरून आला होता माझा. हे म्हणत होते, सासूबाईंना सांग, उद्या पेपरात येईल." अक्का हसली. "तुम्ही कुठं होता तेव्हा? कट्ट्यावर?"

"हितंच हुतो. उंबऱ्यात," आप्पा म्हणाले. "कंदील धरून."

मला हे ठाऊक नव्हते. अक्कालाही नसावे. ती काही वेळ बोलली नाही, मग विषय बदलावा म्हणून भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि हे काय, उद्याच्या सोमवारला गोल कशाला केलाय?"

"दूधवाल्याचा हिशेब," आप्पा म्हणाले.