साठ डेसिबलच्या अलीकडे

स्पीच थेरपिस्टची नोंदणी दिल्लीहून येते आणि पाच वर्षांनी संपते. ती पुढे चालू ठेवायची तर गुण जमवावे लागतात. आरसीआयने, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने, मान्य केलेल्या कार्यशाळांना हजेरी लावायची, प्रमाणपत्रं जपून ठेवायची आणि मुदत जवळ आली की पोर्टलवर चढवायची. आमच्यातल्या बऱ्याच जणींचे रविवार त्यात जातात. काही सत्रं निव्वळ सहीसाठी असतात, हे मी लपवणार नाही. पण मध्येच एखादं असं निघतं की सोमवारी सकाळी काम बदललेलं असतं. पक्षाघातानंतर गिळताना होणाऱ्या त्रासावरचं असंच एक व्याख्यान मी ऐकलं, आणि तेव्हापासून पेशंटला पाणी देण्याआधी त्याची हनुवटी कुठे आहे ते बघायची मला सवयच लागली.

माझं क्लिनिक कात्रजला आहे, मुख्य चौकापासून आत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. कात्रज हे पुण्याचं दक्षिणेकडचं दार. सातारा रस्त्याने येणाऱ्या एसट्या इथे थांबतात, म्हणून माझ्याकडे आंबेगाव, सुखसागरनगर, संतोषनगरइतकीच मुलं नसरापूर, खेड-शिवापूर आणि भोरहून येतात. बोगदा ओलांडून आलेली आई मूल कडेवर घेऊन जिना शोधत असते. तळमजला आहे म्हटल्यावर तिचा चेहरा सैल होतो. भारती विद्यापीठाचा परिसर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे ऑडिऑलॉजी आणि स्पीच थेरपीचं कॉलेजच आहे, त्यामुळे या भागात आमच्या कामाबद्दल निदान ऐकून माहिती असते. तरीही आमच्या नोंदणीबद्दल कुणी विचारत नाही. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं आहे, त्यावर नंबर आहे, आणि पालक त्याच्याखालच्या खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघतात.

एका बापाने मात्र विचारलं. पीएमपीएमएलमध्ये कंडक्टर. पहिल्या भेटीला आले ते खाकी गणवेशातच, ड्यूटी संपवून, सोबत बायको आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. मी फाईल उघडायच्या आत म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, तुमचा नंबर जरा सांगा." मोबाईलवर आरसीआयची साईट उघडलेलीच होती. नंबर टाकला, माझं नाव आलं, त्याखाली मुदतीची तारीख आली. ती त्यांनी दोनदा वाचली. रोज शेकडो पास बघणारा माणूस; मुदत संपलेला पास आणि चालू पास यातला फरक त्याला माझ्याहून जास्त कळत असणार. मग मोबाईल खिशात ठेवून म्हणाले, "ठीक आहे. आता बोला."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. वर्षभर ते मुलाला एका खासगी सेंटरमध्ये नेत होते. फ्लॅटमध्ये चालणारं, बाहेर रंगीत बोर्ड, आत झोपाळा आणि बॉलपूल. तिथल्या बाई प्रेमळ होत्या, असं आई पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या मुलाच्या जिभेला मध लावायच्या, मेणबत्ती विझवायला लावायच्या, शिट्टी फुंकायला लावायच्या, गाल चोळायच्या. मुलगा शिट्टी छान वाजवायला लागला. बोलायला मात्र लागला नाही. शब्द मोजके, तेही अर्धवट, शेवट गिळलेले. बाईंकडे कसली नोंदणी नाही हे वर्ष उलटल्यावर कळलं, तेही शेजारच्या नर्सिंगच्या मुलीने विचारलं म्हणून.

फुंकर मारण्याचे व्यायाम केल्याने बोलणं येतं, याला आधार नाही. फुंकर मारताना ओठ आणि जीभ जे करतात ते बोलताना करत नाहीत. पण मला त्याहून मोठी गोष्ट खटकली. मी विचारलं, "ऐकण्याची तपासणी कुठे केली?" नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. आई म्हणाली, "ऐकतो की तो. टीव्हीची जाहिरात लागली की धावत येतो. कुकरची शिट्टी झाली की दचकतो."

बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी कानाची. आमच्या पदवीच्या पहिल्या वर्षापासून हे डोक्यात बसवलं जातं. म्हणूनच बीएएसएलपी या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकत्र शिकवतात, आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले. 1983 पासूनची ही राष्ट्रीय संस्था. तिथे कान न तपासता थेरपी सुरू केली असती तर सरांनी फाईल परत हातात दिली असती. ज्याने हे शिक्षण घेतलेलं नाही त्याला हा प्रश्न सुचेलच असं नाही. नोंदणीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. प्रेमळपणा त्या बाईंकडे माझ्यापेक्षा जास्त असेलही.

तपासणीत दोन्ही कानांत सुमारे पंचावन्न डेसिबलचा दोष निघाला. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे बघणाऱ्या बेरा टेस्टनेही तेच सांगितलं. म्हणजे जाहिरात ऐकू येते, कुकर ऐकू येतो, आईने जवळून मारलेली हाक येते. पण साध्या आवाजातल्या बोलण्यातले 'स', 'त', 'क', 'फ' हवेत विरतात. तो शब्दांचे शेवट गिळत नव्हता, त्याला ते मिळतच नव्हते.

कंडक्टरसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या सेंटरची तक्रार करायची. शिक्षा काय आहे?"

शिक्षा आहे. आरसीआयचा कायदा 1992 चा, अमलात आला 1993 मध्ये. केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नसताना दिव्यांग व्यक्तींवर असे उपचार केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे सांगितल्यावर ते हसले. हजार रुपये. माझ्या दोन बैठकांची फी. वर्षभरात त्यांनी त्या सेंटरला किती दिले याचा हिशोब त्यांनी तिथेच बोटांवर केला आणि मध्येच सोडून दिला. कैद कुणाला झाल्याचं मी कात्रजात तरी ऐकलेलं नाही. कायदा कागदावर कडक वाटतो, पण तो चालवायचा तर पालकाने वेळ काढून, पुरावे घेऊन, लेखी तक्रार करायची. आणि ज्याला मुलाला आठवड्यातून दोनदा थेरपीला आणायचं आहे त्याच्याकडे तेवढा वेळ शिल्लक नसतो. त्यांनीही शेवटी तक्रार केली नाही. मी आग्रह धरला नाही. त्यांच्याकडे उरलेली ताकद मला मुलासाठी हवी होती.

आईचा प्रश्न वेगळाच होता. बाकीचे उठल्यावर ती मागे राहिली आणि भिंतीकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, इथे आलो म्हणजे त्याचं नाव अपंगात जाणार का?"

हा प्रश्न मला नवा नाही. आमची परिषद आरोग्य मंत्रालयाकडे नाही, ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन विभागाकडे आहे. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, लॅबवाले, सगळे त्या छत्राखाली गेले. आम्ही गेलो नाही, कारण आमची नोंद आधीच 1992 च्या कायद्यात होती. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा मोठी चर्चा झाली. एका गटाचं म्हणणं, आम्ही हॉस्पिटलात काम करतो, आयसीयूत गिळण्याची तपासणी करतो, मग आरोग्य खात्यात का नाही? दुसऱ्या गटाला भीती, की तिथे गेलो तर डझनावारी व्यवसायांच्या गर्दीत आमचं कोण ऐकणार? मी आधी पहिल्या गटात होते. नंतर वाटलं, खातं कुठलंही असो, नोंदणी नसलेल्या सेंटरचं दार वाजवायला कोण येणार हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. त्या आईला मात्र खात्याचाच प्रश्न पडला होता. दवाखान्याच्या बोर्डावर 'आरोग्य' लिहिलेलं असतं तर तिने तो विचारला नसता.

(आमच्या शेजारच्या व्यवसायात तर नावापुढे 'डॉ.' लावायचं की नाही यावर गदारोळ झाला. सप्टेंबर 2025 मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टना मनाई करणारं पत्र काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. मला पेशंट डॉक्टर म्हणतात तेव्हा मी नाही म्हणते. एक आजी वैतागून म्हणाल्या होत्या, "मग म्हणू तरी काय?" ताई म्हणा, म्हटलं. त्या 'डॉक्टरताई' म्हणायला लागल्या.)

त्या आजींच्या यजमानांना पक्षाघात झाला होता. कात्रज गावातलं जुनं घर, दूध संघातली नोकरी, वारीचा नेम. अटॅकनंतर त्यांना अ‍ॅफेझिया झाला. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येत नसे, बायकोचं नाव येत नसे, आणि संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की मात्र ओळीमागून ओळ सरळ बाहेर पडत असे. पाठ झालेलं, लयीतलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. ती वाट शाबूत राहिली होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यात वाचा व भाषा दोष पहिल्यांदा स्वतंत्रपणे आला. व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकणं आणि अ‍ॅफेझिया ही दोन उदाहरणं नावानिशी आहेत. म्हणजे आजोबांचा हक्क स्पष्ट होता. पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाला टक्के लागतात, आणि हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाचे टक्के कसे काढायचे? मी अहवालात दोन्ही लिहिलं: चाचणीतले आकडे, आणि त्याखाली एक परिच्छेद की पाठांतर ऐकून बोलणं ठीक आहे असं समजू नये. आजोबांना प्रमाणपत्र मिळालं. त्या परिच्छेदामुळे की आकड्यांमुळे, कोण जाणे.

त्याच सुमारास एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा आला. तोतरेपणा इतका की मुलाखतीच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटायचा. त्यालाही प्रमाणपत्र हवं होतं. व्याख्येत कायमस्वरूपी दोष आणि त्यामागे शारीरिक किंवा मज्जासंस्थेचं कारण असं लिहिलं आहे. त्याच्यासाठी मला काही लिहिता आलं नाही. त्याच्याबरोबर मुलाखतीचा सराव केला. बाकी सगळं त्याच्या हिमतीवर.

कंडक्टरच्या मुलाला दोन्ही कानांना यंत्रं बसवली. बसच्या नोकरीत पतपेढी असते, तिथून कर्ज काढलं. पहिल्या दिवशी त्याने यंत्र दोन वेळा काढून खिशात घातलं. तिसऱ्यांदा बाहेर रिक्षा स्टार्ट झाल्याचा आवाज आला आणि तो दारापर्यंत गेला. थेरपीत आता तो 'बस' म्हणतो, शेवटच्या 'स'सकट, आणि बापाला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं असतं. मी थांबवते, नाहीतर मूल कंटाळतं.

मग शाळेचा प्रश्न आला. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांमध्ये दिव्यांग मुलांना स्थान आहे, हे बापाला डेपोतल्या कुणीतरी सांगितलं. ज्या यादीत नाव जाईल म्हणून आई घाबरली होती, त्याच यादीसाठी आता दोघं कागद घेऊन आले. मला त्यांच्यासमोर कायद्याचं पान उघडावं लागलं. दोन्ही कानांत सत्तर डेसिबल आणि पुढे म्हणजे कर्णबधिर. साठ ते सत्तर म्हणजे कमी ऐकू येणारा. पंचावन्नसाठी त्या पानावर ओळ नाही. यंत्राशिवाय हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसला तर बाईंचं निम्मं बोलणं त्याला पोचणार नाही, हे मी अहवालात लिहू शकते, लिहिलंही. पण त्याने प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सरकारी योजनेतलं यंत्रही नाही.

बापाला हे पटायला वेळ लागला. नियम म्हणजे नियम हे तो रोज प्रवाशांना सांगतो, म्हणून असेल, त्याने वाद घातला नाही. महापालिकेच्या शाळेत नाव घातलं. तिथल्या बाईंसाठी मी एक पानभर सूचना लिहून दिल्या: पहिल्या बाकावर बसवा, पंख्याखाली नको, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, यंत्राची बॅटरी संपली तर तो सांगणार नाही, तुम्ही बघा. बाईंनी ते पान कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं आहे, असं आईने सांगितलं.

कान वाढतो तसा यंत्राचा कानातला साचा बदलावा लागतो, त्यासाठी दोघं मधूनमधून येतात. मागच्या वेळी आई साच्याचं माप होईस्तोवर फाईल चाळत बसली होती. ऑडिओग्रामवर बोट ठेवून तिने विचारलं, "मॅडम, अजून पाच डेसिबल गेलं तर कार्ड मिळेल ना?" आणि स्वतःच दचकल्यासारखी हसली. जाऊ नये म्हणूनच दर सहा महिन्यांनी तपासतो, मी म्हटलं. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे.