तिसऱ्या तारेला करंट आला कुठून?



आठ-नऊ दिवस पेजवर काही टाकलं नाही. विहिरीतली मोटार जळाली होती. पाच एचपीची ओपनवेल, कांदा पासष्ट दिवसांचा, नुकताच पोसायला लागलेला, आणि पाणी बंद. मोटारीचा खर्च काय, तो होतच असतो. पण मिस्त्रीने ती उघडल्यावर जे सांगितलं, ते ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिलो. तेच आज लिहितोय.

झालं असं. त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची होती. बारा वाजता लाइट आली, मोटार चालू केली आणि वाफे भरत होतो. दोनच्या सुमारास पेटीवरचे तीन दिवे बघितले तर पिवळा गेलेला. एक फेज गेला. मोटार चालूच होती, फक्त नळीला पाणी कमी झालं होतं. खरं तर अशा वेळी प्रिव्हेंटरने मोटार बंद करायला पाहिजे. पण तो मी मागच्या वर्षीच बायपास केला होता, कारण व्होल्टेज जरा वरखाली झालं की तो पाडायचा आणि रात्री चार वेळा उठावं लागायचं. तुमच्यापैकी किती जणांनी हेच केलंय ते मला माहीत आहे, हात वर करू नका.

अर्धा प्लॉट भिजायचा होता. म्हटलं, दोनवर चालतेय तर चालू द्या, तोवर डीपीवर जाऊन फ्यूज बघू. डीपी बांधावरच आहे, दोनशे पावलांवर. बायको बॅटरी धरून सोबत आली. पेटी उघडली तर मधलं किटकॅट गेलेलं, तार वितळून खाली पडलेली. मी विचार केला, हा फेज तर मेलेलाच आहे, खालच्या बाजूला काय धोका? हात घालणार तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, आधी टेस्टर लावा ना." लावला. वरच्या बाजूला पेटला, तो पेटणारच, तिकडून ट्रान्सफॉर्मरचा करंट येतो. मग खालच्या बाजूला लावला, जिथून तार शेताकडे जाते. तिथंही पेटला.

मला काही उमजेना. पेटी लावली आणि माघारी आलो. येईपर्यंत नळीचं पाणी थांबलं होतं.

सकाळी चेन-पुली लावून मोटार वर काढली आणि गावात मिस्त्रीकडे नेली. त्याने स्टेटर दाखवला. दोन फेजच्या गुंड्या काळ्याठिक्कर, वरचं प्लास्टिक वितळून एकमेकाला चिकटलेलं. तिसरीच्या गुंड्या मात्र जशाच्या तशा, कारखान्यातून आल्यासारख्या. तो म्हणाला, "आबा, दोन फेजवर पळवली. याला सांगायला डॉक्टर नको." मग मी डीपीवरच्या टेस्टरचं विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "मोटार तेव्हा चालू होती का? मग तो करंट तुमच्याच मोटारीचा होता."

माझी मोटार, माझ्या विहिरीतली, मेलेल्या तारेतून उलटा करंट डीपीकडे पाठवत होती. मी बोट लावलं असतं तर मलाच.

आपल्या शिवारात पूर्वी एक जण असाच डीपीवर गेला होता. फ्यूज उडालेला, तार मेलेली समजून हात घातला. तेव्हा सगळे म्हणाले, वरची तार लागली असेल. आता मला वाटतं, त्या रात्री शिवारात कोणाकोणाच्या मोटारी दोन फेजवर चालल्या होत्या हे कोणी विचारलंच नाही.

मी दहावी पास. विज्ञानात ओहमचा नियम तोंडपाठ होता, व्होल्ट बरोबर करंट गुणिले रोध, दोन मार्कांना यायचा. त्याचा आणि विहिरीचा काही संबंध आहे हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या आठ दिवसांत मोटार दुकानात होती, हाताला काम नव्हतं, म्हणून मुलाची पुस्तकं काढली आणि मोबाइलवरही बरंच वाचलं.

सुरुवात बेडकापासून आहे. इटलीत गॅल्व्हानी नावाचा डॉक्टर होता, मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की पाय झटका द्यायचा. त्याला वाटलं वीज बेडकात आहे. व्होल्टाला वाटलं ती धातूंच्या जोडीत आहे. १८०० साली त्याने तांबं किंवा चांदी आणि जस्त यांच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचून दाखवली आणि त्यातून सतत करंट काढला. तीच पहिली बॅटरी. आपल्या फवारणीच्या पंपात जी आहे तिची पणजी म्हणा. व्होल्ट हे नाव त्याचंच.

पण मला आवडला तो फॅरडे. इंग्लंडमधल्या लोहाराचा पोरगा, शाळा जेमतेम, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. वीज वाहते तेव्हा शेजारची चुंबकसुई हलते हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं होतं. फॅरडे उलटं विचारत राहिला, की विजेने चुंबक होतं तर चुंबकाने वीज का होऊ नये? १८३१ मध्ये त्याने लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना दोन वेगळ्या तारा गुंडाळल्या. एकीत करंट सोडला की दुसरीत क्षणभर करंट यायचा, बंद केला की पुन्हा क्षणभर उलटा. मधल्या वेळात काहीच नाही. म्हणजे चुंबकत्व नुसतं असून उपयोग नाही, ते बदलत राहिलं पाहिजे किंवा हललं पाहिजे, तरच शेजारच्या तारेत वीज उठते.

आता बांधावरची डीपी बघा. आत लोखंडाचा गाभा आणि दोन गुंडाळ्या, एका बाजूने ११,००० व्होल्ट येतात आणि दुसऱ्या बाजूने ४३३ निघतात. दोन्ही गुंडाळ्यांचा एकमेकींना तारेने संबंध नाही. फॅरडेचं कडंच आहे ते, तेलात बुडवलेलं. आणि माझ्या मोटारीतही तेच झालं. दोन फेजवर मोटार फिरत होती, आतलं चुंबकत्वही तिच्याबरोबर गरगर फिरत होतं, आणि ते तिसऱ्या, रिकाम्या गुंडाळीसमोरून जाताना तिच्यात वीज उठवत होतं. मोटार आणि जनरेटर एकाच घरातले आहेत, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

तीन फेज कशाला लागतात, तेही सांगतो. गुऱ्हाळाच्या जुन्या चरकाचा दांडा डोळ्यासमोर आणा. तीन गडी तीन ठिकाणी उभे आहेत आणि पाळीपाळीने ढकलतायत, एकाचा जोर संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. दांडा न अडखळता गोल फिरतो. तीन फेजचा करंट असाच पाळीपाळीने चढतो-उतरतो, सेकंदाला ५० वेळा, आणि स्टेटरमध्ये फिरतं चुंबकत्व तयार होतं. मधल्या रोटरला तारच जोडलेली नाही. तो सळ्यांचा पिंजरा आहे, फिरत्या चुंबकत्वाच्या मागे ओढला जातो. ब्रश नाही, घासणारं काही नाही, म्हणून ही मोटार पाण्यात बुडूनही वर्षानुवर्षं चालते. फिरत्या चुंबकत्वाच्या मोटारीचे हक्क टेस्लाने १८८८ मध्ये अमेरिकेत मिळवले. आपण वापरतो तशी तीन फेजची पिंजऱ्याची मोटार पुढच्याच वर्षी डोलिवो-डोब्रोवोल्स्की नावाच्या इंजिनिअरने जर्मनीत केली. १८९१ मध्ये त्यांनी लाउफेन गावच्या नदीवर तयार केलेली तीन फेजची वीज १७५ किलोमीटर लांब फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नेली. तिथे हजारभर दिवे लावले आणि एका मोटारीने पाणी उपसून खोटा धबधबा पाडला. म्हणजे इतक्या लांबून आणलेल्या थ्री फेजला त्यांनी जे काम लावलं, त्यात आपलंच काम होतं. पाणी वर चढवणं.

आता एक गडी बाजूला झाला तर? दांडा फिरत असेल तर दोघं कसंबसं फिरवत ठेवतात, पण थांबलेला दांडा दोघांना सुरू करता येत नाही. म्हणून बंद मोटार दोन फेजवर नुसती घूं घूं करते. आपण तिला कंडेन्सर लावतो, तो खोटा तिसरा गडी उभा करतो. काम होतं, पण राहिलेल्या दोन फेजांवर करंट साधारण पावणेदोनपट जातो. माझी मोटार एरवी आठ-नऊ अँपियर घेते, म्हणजे चौदा-पंधरा. आणि तार किती तापते याचा हिशोब जूलने १८४१ मध्येच मांडून ठेवलाय. तो मद्याच्या भट्टीवाल्याचा मुलगा. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. पावणेदोनपट करंटला तिप्पट उष्णता. गुंड्या काळ्या का झाल्या हे त्यातच आलं.

आपल्याकडे वीज आली कशी, तेही वाचलं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं, लोणावळ्याच्या बाजूला पाणी अडवून पाचशे मीटरपेक्षा जास्त खाली सोडलं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. नंतर मुळशीला धरण ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. भाताची खाचरं पाण्याखाली गेली आणि दिवे मुंबईत लागले. आमच्या तालुक्यात गिरणा धरण आहे आणि त्याचं शेतीचं बरंचसं पाणी खाली जळगावकडे जातं, त्यामुळे मावळातल्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल हे नांदगावकराला वेगळं समजावायला नको. शेतापर्यंत वीज यायला त्यानंतरही खूप वर्षं लागली. राज्याचं वीज मंडळ १९६० चं आणि कोयनेची वीज १९६२ ची. माझ्या वडिलांनी तरुणपणी मोट हाकली, मग इंजिन आलं, मग मोटार.

राहिलं इलेक्ट्रॉनिक्स. मिस्त्रीने माझा बायपास केलेला प्रिव्हेंटर उघडून दाखवला, तळहाताएवढी पट्टी आणि तिच्यावर उडदाच्या दाण्याएवढे काळे तुकडे. त्यातले काही ट्रान्झिस्टर. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत पहिला झाला. त्याआधी हेच काम काचेचे वाल्व करायचे. आमच्या वडिलांचा जुना रेडिओ आठवतो, लावल्यावर वाल्व तापेपर्यंत मिनिटभर आवाज नाही. जाड तारेतला करंट मोटार फिरवतो. या पट्टीतला बारीकसा करंट फक्त तिन्ही फेज बघतो, आहेत का, सारखे आहेत का, आणि नसले की स्टार्टर पाडतो. त्या राखणदाराला मीच झोपवून ठेवलं होतं.

मुलगा म्हणतो सोलर पंपाला अर्ज करू. तिथं पॅनेलवर डीसी तयार होतो, म्हणजे व्होल्टाच्या बॅटरीसारखा एकाच दिशेचा, आणि कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा तोडून त्याचे तीन फेज करतात. म्हणजे रात्रीची पाळी गेली. अर्ज भरायचाय, पण या विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती टिकतं ते बघूनच किती एचपीचा घ्यायचा ते ठरवणार.

मोटार काल बसवली. नवा प्रिव्हेंटर लावला, तिन्ही फेजला जोडला, एक किटकॅट मुद्दाम काढून तपासला, चार सेकंदांत पाडली त्याने. अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा नवा भरला. कंडेन्सर काढून ठेवलाय. शेजाऱ्याने तो मागितला, "तुम्हाला नको तर मला द्या." त्याला सगळं सांगितलं. त्याला थोडा राग आला, पण दिला नाही. दोन पोरांचा बाप आहे, आणि डीपी आमची एकच आहे.

आता मला तुमच्याकडून हवंय ते असं. कांदा ७४ दिवसांचा झाला. जमीन मध्यम, मुरमाड, नऊ दिवसांचा ताण बसला, शेंडे पिवळे पडून टोकाला वाळलेत. काल हलकं पाणी दिलं, एकदम भरलं नाही. आता खत वरून द्यावं की दुसऱ्या पाण्यापर्यंत थांबावं? आणि एवढ्या ताणानंतर गोल्टी किती टक्के निघते, ज्यांचा अनुभव असेल त्यांनी खाली लिहा. कृषी सहायक साहेब वाचत असतील तर त्यांनीही सांगावं.