दहाच्या तासाचा लोड

२०२० च्या जूनमध्ये मी मोहोळला घरूनच काम करत होतो. शाळांना कुलूप होतं आणि वर्ग फोनवर भरू लागले होते. आमची कंपनी ऑनलाइन वर्गांची यंत्रणा चालवायची आणि तिच्या दारातला प्रॉक्सी सर्व्हर माझ्याकडे होता. विद्यार्थ्याची प्रत्येक मागणी आधी प्रॉक्सीकडे येते. तो ती आतल्या सर्व्हरकडे पोचवतो आणि तिथलं उत्तर परत विद्यार्थ्याला देतो.

सकाळी दहाचा तास सुरू झाला की पान अडकायचं. शेजारची नववीतली मुलगी कुंपणापाशी येऊन सांगायची, "दादा, तास उघडंना झालाय बघा." कुरुल, पेनूरकडच्या कित्येक घरांत तेव्हा एकच स्मार्टफोन होता आणि वडील रानात निघाले की तो त्यांच्याबरोबर जायचा. मुलांच्या हातात फोन असायचा तो ते निघेपर्यंतच. तेवढा वेळ वाया गेला की त्या दिवसाचा अभ्यास बुडालाच.

मी सर्व्हरवर शिरलो. प्रोसेसर निवांत, मेमरी निम्म्याहून जास्त मोकळी. लॉगमध्ये मात्र एकच ओळ धो धो पडत होती : चूक क्रमांक २४, टू मेनी ओपन फाइल्स. लिनक्स नेटवर्कची प्रत्येक जोडणी उघड्या फाइलसारखीच मोजतो आणि प्रत्येक प्रोसेसला त्याची मर्यादा घालून देतो. आमच्याकडे ती मर्यादा होती १०२४. प्रॉक्सीला एका विद्यार्थ्यामागे दोन जोडण्या लागतात, एक त्याच्याशी आणि एक आतल्या सर्व्हरशी. म्हणजे आमच्या प्रॉक्सीचं काम करणाऱ्या एनजिनएक्स या सॉफ्टवेअरचा एक वर्कर, म्हणजे एक प्रोसेस, पाचशेच्या आसपास मुलं सांभाळून थांबत होता.

सोलापूरचा सहकारी फोनवर म्हणाला, "अरे, पण आपण लिमिट्सच्या फाइलमध्ये आकडा वाढवलाय की!" त्याचं खरं होतं. पण ती फाइल लॉगिन करणाऱ्या माणसासाठी वाचली जाते. लिनक्सवरच्या सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीनं सुरू केलेली सर्व्हिस तिच्याकडे बघतही नाही. तिची मर्यादा सर्व्हिसच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहावी लागते. म्हणून कागदावरच्या आकड्यावर विसंबू नये. चालू प्रोसेसला प्रत्यक्षात किती मिळालंय, ते प्रॉक फोल्डरमध्ये तिच्याच क्रमांकाखाली दिसतं. तिथं बघून आम्ही मर्यादा ६५,५३६ केली आणि वर्करच्या जोडण्यांचा आकडाही वाढवला. अमर्याद ठेवली नाही. प्रत्येक जोडणीला मेमरी लागते. सगळ्यांना आत घेऊन मेमरी संपली, तर लिनक्स प्रोसेसच मारून टाकतो आणि मग कुणाचाच तास होत नाही.

दुसऱ्या दिवशी ती चूक गेली, तरी दहाच्या ठोक्याला काही मुलं बाहेरच राहत होती. नव्या जोडण्या स्वीकारल्या जाईपर्यंत कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, रांगेत उभ्या असतात. एनजिनएक्स ५११ ची रांग मागतो, पण आमच्या ४.१५ कर्नलची वरची हद्द १२८ होती आणि कर्नल एक शब्दही न बोलता रांग तेवढ्यावर कापतो. लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. रांग भरून वाहिल्याची नोंद फक्त कर्नलच्या मोजणीत सापडते. पुढच्या ५.४ कर्नलपासून ही हद्द ४०९६ आहे. आम्हाला ती हातानं वाढवावी लागली.

तिसरी अडचण सर्वांत जास्त शिकवणारी होती. आतल्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला प्रॉक्सीकडचा एक पोर्ट लागतो. ३२,७६८ ते ६०,९९९ या पट्ट्यात २८,२३२ पोर्ट असतात आणि प्रॉक्सीनं जोडणी बंद केल्यावरही तिचा पोर्ट मिनिटभर अडकून राहतो. हिशेब केला : एका आतल्या सर्व्हरकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या. त्यापलीकडे पोर्टच उरत नाहीत.

यावर जुन्या सल्ल्यांत एक सेटिंग हमखास सापडतं : अडकलेल्या जोडण्या झटपट निकाली काढणारं टीडब्ल्यू-रिसायकल. त्याचा तडाखा नेमका आमच्या मुलांना बसला असता. मोबाइल कंपन्या असंख्य फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. हे सेटिंग त्या पत्त्यावरून येणाऱ्या वेळेच्या खुणा एकाच यंत्राच्या समजतं आणि न जुळणाऱ्या फोनची जोडणी गुपचूप टाकून देतं. २०१७ मध्ये ४.१२ कर्नलमधून ते काढूनच टाकलं गेलं, त्यामुळे आमच्या ४.१५ मध्ये ते नव्हतंही.

आम्ही गरजच कमी केली. प्रत्येक मागणीसाठी नवी जोडणी उघडण्याऐवजी आतल्या सर्व्हरशी काही जोडण्या कायम उघड्या ठेवल्या आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या. पोर्टचा पट्टा वाढवण्याची वेळच आली नाही. दहाचा तास सुरळीत चालू लागला.

आता कुणी माझ्याकडे तयार आकडे मागितले, तर मी आधी विचारतो, नक्की कुठली मर्यादा गाठली जातेय? ते कळल्यावर बघायचं की गरज घटवता येते का, आणि मगच आकडा वाढवायचा, तोही मेमरीचा हिशेब करून. शिवाय मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर वापर गेला की इशारा मिळेल अशी सोय हवीच. आमच्या शेजारी ती मुलगी होती म्हणून मला कळलं. ज्यांच्या हाती तासभरच फोन येतो अशी बाकीची मुलं तक्रार नोंदवत बसत नाहीत. ती वर्गातून गळत जातात, आणि सर्व्हरच्या आलेखावर त्यामुळे लोड कमी झालेलाच दिसतो.