क्रीमची डबीही दाखवा

दिवेआगरच्या उन्हाने चेहरा काळवंडला, म्हणून मोबाइलवर गोरेपणाची स्वस्त क्रीम मागवताय? जरा थांबा. बनावट क्रीमने फार तर पुरळ येईल, असं पूर्वी मलाही वाटायचं. पण अकोल्यातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली. क्रीममध्ये पारा निघाला होता. तो त्वचेतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, लघवीतून प्रथिनं जातात.

आता पाय सुजलेल्या रुग्णाला मी विचारतोच, “चेहऱ्याला काय लावता?”

वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा. परदेशी मालावर आयातदाराचं नाव, नोंदणी क्रमांक हवाच. नसेल तर परत पाठवा. लघवीला फेस येत असेल, तर क्रीम बंद करा आणि डबी घेऊनच दवाखान्यात या.