खरखरीत पितळ

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माझ्या स्क्रीनवरचं पितळ दोन तऱ्हेचं झालं. त्या डोळ्याला पांढरा निळसर दिसतो, डाव्यात अजून जुना पिवळटपणा आहे. रेंडरवर नुसती नजर टाकून ‘पिवळा कमी पडतोय’ असं मी सांगायचो आणि पोरं सेटिंग बदलायला धावायची. त्या नजरेचा मला गर्व होता, आजही आहे. पण आता निवाडा तिच्यावर सोडता येत नाही.

आणि घोडं अडतं ते पितळेवरच. चकचकीत समई अवघड नाही. परावर्तनाची जीजीएक्स, स्मिथ, फ्रेनेल ही सूत्रं नीट लिहिली की ती उजळते. घासून घासून चरे पडलेला जुना तांब्या घ्या. रफनेस वाढवत नेला की तो काळवंडतो. चऱ्याच्या एका भिंतीवरून निघालेला किरण समोरच्या भिंतीनं अडवला, की स्मिथच्या हिशेबात तो संपला. खऱ्या तांब्यात तो तिथून उसळून दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात बाहेर येतो आणि दर टप्प्याला पितळ त्यातला निळा आणखी गिळतं. म्हणजे उजेडाबरोबर रंगाचा गडदपणाही जातो.

टीममध्ये नवी आलेली मुलगी हुशार. तिनं सगळं एका आकड्यानं गुणून तांब्या उजळवला. रंग फिकाच राहिला. मग तिला 2016 चं हाइट्झ आणि सहकाऱ्यांचं काम वाचायला दिलं. त्यात किरणाला चऱ्यांमध्ये खरोखर भटकू देतात. उत्तर नेमकं येतं, पण नॉइज फार. 2017 ची कुला आणि काँटी यांची रीत स्वस्त: हरवलेली ऊर्जा आधीच कोष्टकात मोजायची आणि रंगासकट परत द्यायची. आम्ही तीच वापरतो. तरी परत आलेला प्रकाश आपण कोणत्या बाजूनं आलो हे विसरलेला असतो, आणि तिरप्या उजेडात ते मला खुपतं. यावर माझं अजून समाधान नाही.

हल्ली बरेच जण डीनॉइझर आणि टोनमॅपिंगवर भागवतात. काळवंडलेला धातू दिसला की आर्टिस्टला बेस कलर वाढवायला सांगतात. हे मला मान्य नाही. 1967 मध्ये स्पॅरोसोबत खरखरीत पृष्ठभागाच्या या मॉडेलचा पाया घालणारे टॉरन्स उष्णतेच्या अभ्यासातले, यंत्र अभियांत्रिकीचे. त्या शास्त्रात ऊर्जेचा ताळेबंद जुळावाच लागतो.

म्हणून रेंडरर लिहिणाऱ्यांना विनंती: फर्नेस टेस्ट रफनेस 1 वर घ्या. चहूकडे सारखा, 1 इतका पांढरा प्रकाश, मध्ये काहीच न शोषणारा गोळा. तो पार्श्वभूमीत पूर्ण मिसळला पाहिजे. साध्या जीजीएक्सचा गोळा करडा दिसतो, मध्यभागी दोन-तृतीयांशाच्या आसपास प्रकाश गायब. नजरेनं ठरवू नका, पिक्सेलचे आकडे वाचा. आकडा 1 च्या खाली असेल तर प्रकाश गळतोय. 1 च्या वर असेल तर तुमचा धातू प्रकाश निर्माण करतोय, आणि ते आधी दुरुस्त करा.